दवाखान्यातला नमुना

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि माझ्या खालच्या पुढच्या दोन दातांची हिरडी आता तीन मिलिमीटर खाली सरकली आहे. ती आपोआप परत वर येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

कर्वेनगरच्या आपल्या फ्लॅटची पुढची खोली म्हणजे तुमचा दातांचा दवाखाना. मी अकरा वर्षांची. माझ्या वर्गातली एक मुलगी खुर्चीत बसली आहे आणि तिची आई विचारते, "अहो डॉक्टर, दुधाचे पडले की आपोआप सरळ येतील ना?" "येतील की. आमच्याकडे आलेत, बघा," म्हणत तुम्ही मला हाक मारता. मी जेवणावरून उठून येते. "मोठा आ कर." आरशाच्या दांड्याने तुम्ही माझा ओठ खाली ओढता, एकावर एक चढलेले दात दाखवता, मग प्रोबचं, त्या तपासायच्या बारीक सळईचं, टोक हिरडीला लावता. रक्त येतं. "ब्रश पोचत नाही, अन्न अडकतं, मग हिरड्या अशा होतात. ठरवा तुम्ही." त्या मुलीला महिनाभरात तारा बसतात. "अहो, हिचं कधी करणार?" आईने विचारलं, तेव्हा तुम्ही पेपरातून मानही वर काढली नाहीत. "हिचे सरळ केले तर लोकांना दाखवू काय?" आई हसली. मीही हसले, ओठ मिटून.

डेंटल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी एका सीनियरकडून तारा बसवून घेतल्या. तुम्ही पाहून एवढंच म्हणालात, "वायर जाड घातलीये."

पुढे तुमच्याच हिरड्या गेल्या. मधुमेह होता, आणि दुसऱ्या डॉक्टरपुढे तोंड उघडण्यात कमीपणा. जेवताना तुमचा खालचा दात हललेला मला समोरून दिसायचा, हिरडीच्या कडेचा पूसुद्धा. हिरड्या हाच माझा विषय होता. "अगं, बघ ना एकदा," आई म्हणायची. "ते स्वतः डॉक्टर आहेत," मी म्हणायचे. मला ते 'बघ ना' तुमच्या तोंडून हवं होतं.

हे पत्र पोचायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही विचारलंत. आई घरात नव्हती, मी चपला घालत होते. "वेळ असेल तर बघशील का?" मी म्हणाले, "अपॉइंटमेंट घ्या." तुम्ही खरंच फोन करून गुरुवारची घेतलीत, दोन बस बदलून मी काम करायचे त्या खराडीच्या क्लिनिकला आलात आणि तासभर बाकावर बसलात. मला ताप आहे असं सकाळीच क्लिनिकला कळवून मी कोथरूडला मैत्रिणीकडे बसले होते. ताप नव्हता.