आगाय आई झाले तेव्हा

प्रिय मेदेर,

‘प्रिय’ हे जुन्या सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. तुम्हा काराकोलवाल्यांना बिश्केकच्या गमती ऐकायला आवडतात, म्हणून आधी गंमतच सांगते.

इथल्या वैद्यकीय संस्थेत एक खेळ मांडला होता. जनुकं वाचून दुर्मिळ आजार ओळखणारं नवं यंत्र येतंय. ते आल्यावर कोण कसं वागेल आणि आजाराचं नाव कळायला किती डाव लागतील, हे खेळून बघायचं. आजारी मुलांच्या आयांनाही बोलावलं होतं. चिठ्ठ्या काढल्या. मी झाले मंत्रालयातली अधिकारी. आणि शार्शेन आगाय, ज्यांच्यापुढे अख्खी संस्था गुरुजी म्हणून वाकते ते पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक, झाले खेड्यातल्या आजारी मुलीची आई!

पण आपली माणसं ती आपलीच. ‘आई’ आत आली तशी सगळी ताडकन उठली. तिला दारापासून सर्वांत लांबच्या, मानाच्या जागी बसवलं, पहिला चहा तिला. तिच्या लेकीची तपासणी पहिल्याच डावात! खेळ घेणारी एल्नुरा आनंदाने ओरडली, “बघा, यंत्रामुळे एका डावात निदान!” टाळ्या. हाच निष्कर्ष अहवालात जाणार होता.

मी उठले. म्हटलं, “आगाय, आई दाराजवळच्या बाकावर बसते. आणि तिला चहा कुणी विचारत नाही. उठा.” कुणीतरी पुटपुटलं, “ताई, जरा लाज बाळगा.” मी म्हटलं, “बाळगली होती. तिने निदान होत नाही.”

म्हातारा खरंच उठला, दाराशी जाऊन बसला. मग प्रत्येक डावात मी त्याला एकच सांगत राहिले, “नंतर या.” शेवटी तो कडाडला, “अहो, पोर चालायची थांबलीय माझी!” मग माझ्याकडे बघून त्याने हळूच विचारलं, “तुझ्या मुलीचं नाव काय, बाळ?”

बेगायिम, मी सांगितलं. आता ती भिंत धरून चालते, मेदेर. तुझ्या आईच्या मते हे माझ्या माहेरचं रक्त. असेलही. यंत्राला त्याचं काही नाही. त्याला लेकीसोबत आईचं रक्त लागतं आणि बापाचंही. आगायांनी रक्त द्यायला बुधवारची सकाळ दिलीय. ये. नव्या बायकोला काय सांगायचं ते सांग, तोंड कसंही करून ये, दंड उघडा असला की झालं. नाही आलास, तर नर्सला घेऊन मी काराकोलला येईन आणि तुझ्या आईच्या देखत तुझी बाही वर करीन.

तुझी आता कुणीच नसलेली,
बेगायिमची आई
झीपार