वीस अंश कमी

सूनबाई,

ओव्हनला हात लावू नकोस, अजून गरम आहे. आज माझ्या वहीतला तोच केक मी स्वतः केला. वरून करपला, आत कच्चा. तुझा झाला होता तस्साच! मग माहितीपुस्तक उघडलं. या नव्या ओव्हनमध्ये पंखा आहे, म्हणून आच वीस अंश कमी ठेवायची. माझी वही जुन्या ओव्हनची. आणि रविवारी मी तुझ्या आईसमोर म्हणाले, "हिला साधा केक जमत नाही." तू गप्प बसलीस. जीभ झडो माझी.

जळका केक डब्यात घालून विहीणबाईंकडे चाललेय. बोलले त्यांच्यासमोर, तर चूकही त्यांच्यासमोरच कबूल करायला हवी.

परत आले की तू बोल. या वेळी गप्प मी बसेन.