किल्लेदार उठतो

३ जानेवारी

मॅडमनी निबंध परत दिला. समासात लाल शाईत – ‘तुम्ही नाटक वाचलं आहे का?’

वाचायचं काय त्यात! कळंबच्या जत्रेत दरवर्षी पाहिलंय. ‘परतीची वेस’. किल्लेदार आमचे हेच व्हायचे. जखमी किल्लेदार वेशीत कोसळतो, मुलगी धावत येते, तो उठतो आणि तिला घेऊन घरात जातो. पडदा. तेच लिहिलं होतं.

बी.ए.चा अर्ज ह्यांनीच भरायला लावला. “तू हुशार हायस, शीक गं.” पावसाळ्यात हे गेले. निबंध तेवढा मागे राहिला.

४ जानेवारी

कर्जतच्या वाचनालयातून पुस्तक आणलं. शेवटचं पान पुन्हापुन्हा वाचलं. तो उठत नाही! वेशीतच मरतो. मुलगी तिथंच बसून राहते.

मग इतकी वर्षं मी काय पाहिलं?

५ जानेवारी

पुस्तक चुकीचं, की गाव?

८ जानेवारी

अभ्यासकेंद्रात मॅडमना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं, पण त्या खूश! “गोष्ट सांगत बसू नका. गावानं शेवट का बदलला, त्यावर तुमचं म्हणणं मांडा. आणि पुरावा द्या.”

माझं म्हणणं! घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा मी दुसऱ्याला विचारते.

शेजारच्या इंदूबाईंना विचारलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “देवीच्या म्होरं मढं दाखवत नाय गं. एवढं पुस्तक वाचतीस, हे ठाव नाय?”

झालं. मिळालं म्हणणं.

११ जानेवारी

दोन पानं लिहिली. ‘लोकश्रद्धेमुळे शेवट बदलला.’ वाक्य मलाच परक्यासारखं वाटलं, पण राहू दिलं.

चहा पिताना आठवलं – फितूर कारभारी दुसऱ्या अंकात मरतो की! त्याचं मढं चौघं उचलून नेतात, देवळाच्या अगदी समोरून. पोरं शिट्ट्या मारतात. ते चालतं देवीला?

दोन्ही पानं फाडली. डोकं चालेना.

१३ जानेवारी

चांगो भावजी आता शिळफाट्याला मुलाकडे असतात. पूर्वी साडी नेसून किल्लेदाराची मुलगी व्हायचे. आज जाऊन आले. देवीचं सांगितलं तर हसतच सुटले.

“देवीचं काय नाय, वहिनी! ती आवई आमीच मागनं उठवली, म्हाताऱ्यांनी बोलू नये म्हणून. पयल्या वर्षी तालमीत नागू रोज मरत व्हता. चांगला मरायचा. जत्रेच्या रात्री मी त्याच्या छातीवर पडून रडायला लागलो, तर मेलेला उठतोय! म्हणतो, ‘चल पोरी, घरात.’ मी घाबरून पदरच सोडला. पडदेवाल्याला कळंना, ओढू का नको!”

“असं का केलं ह्यांनी?”

ते हसायचे थांबले.

“तुमी पुढं बसलेल्या. नवी नवरी. तुमचा बाप त्याच पावसात गेलेला. नागू म्हणाला, तिचं तोंड बघितलं रं, मग नाय मरता आलं मला. पुढं दरवर्षी उठायलाच लागला. आमी किती शिव्या घातल्या!”

ती जत्रा मला आठवते. मी हसले होते. वाटलं होतं, नाटकच तसं आहे.

एवढी वर्षं एका घरात राहून हे कधी बोलले नाहीत. मीही कधी विचारलं नाही. आता रागवू, की काय करू?

१४ जानेवारी

मॅडम पुरावा मागणार. काय देऊ? पहिलं वाक्य तेवढं लिहिलं – ‘नाटकात किल्लेदार मरतो.’

१९ जानेवारी

निबंध दिला. पुराव्याच्या जागी लिहिलं – ‘त्या रात्री पुढे मी बसले होते.’ संध्याकाळी पुतण्या मनोज आला. यंदा किल्लेदार तो करणार. दारातूनच विचारलं, “काकी, शेवट काकांचाच ठेवू ना?”

म्हटलं, “नको रे. पुस्तकातला कर. मी पुढंच बसेन.”