पाहुण्याचं बटण

आई, आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जुन्या मालिकांचा विषय निघाला. डब्यातलं लोणचं चाटत एक जण म्हणाला, "त्या रडक्या मालिका बघायचं कोण? टीआरपी कुठून यायचा कुणास ठाऊक!" सगळे खो खो हसले. माझ्या तोंडाशी आलं होतं, "माझ्या आईकडून यायचा." बोलले नाही. म्हटलं, हे आधी तुला सांगावं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता ते गुपित ठेवून तरी काय करायचं? आपल्या पिरंगुटच्या आळीत अजूनही कुणाला माहीत नाही, की तू भुकूमच्या त्या फ्लॅटमध्ये चपात्या करायला जायचीस तेव्हा साऱ्या टीव्हीवाल्यांना तुझा हिशेब ठेवावा लागत होता.

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळची लाईट जायची ती नेमकी तुझ्या मालिकेच्या वेळेला. घरचा टीव्ही म्हणजे फुलं घातलेलं कापड पांघरून बसलेली एक वस्तू. भुकूमच्या सोसायटीत जनरेटर होता आणि कालचा भाग दुपारी एकला पुन्हा लागायचा. मॅडम आणि साहेब दोघेही कंपनीत, त्यांची मुलगी दोनला शाळेतून यायची. तिच्यासाठी आणि रात्रीसाठी मिळून रोजच्या बारा चपात्या. तू हॉलमध्ये पेपर पसरून पोळपाट मांडायचीस, टीव्हीसमोर एक चपाती लाटायचीस, उठून आत तव्यावर भाजायचीस, की परत बाहेर. सोफ्यावर मात्र तू कधी टेकली नाहीस. आण्णांची कंपनी बंद पडली होती, माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि घर तुझ्या लाटण्यावर चाललं होतं, तरी तुझी मान अशी काही ताठ असायची की सोसायटीचा वॉचमन तुला बघून उठून उभा राहायचा.

मग एक दिवस त्या घरात टीआरपी मोजायचा मीटर बसला. टीव्हीच्या डोक्यावर काळा डबा आणि एक निराळा रिमोट. घरातल्या प्रत्येक माणसाला एक बटण, आणि शेवटचं पाहुण्यांसाठी. टीव्ही बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबून बंद करायचं, म्हणजे कोण काय बघतं ते वर कळतं. मीटर आहे हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद. बसवणारा माणूस गेल्यावर मॅडम हसत म्हणाल्या, "घरात कुणीही टीव्ही बघितला तरी बटण दाबायचं बरं का! मावशी, तुम्हीसुद्धा." त्या गमतीत म्हणाल्या आणि विसरून गेल्या. तू विसरली नाहीस.

कॉलेजच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर यायला लागले, भाजी निवडायला, पिठाला हात लावायला. तेव्हा तो प्रकार पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. तू बसलीस की बटण. चपाती भाजायला उठलीस की बटण. परत आलीस की बटण. एका चपातीला दोनदा, आणि दर वेळी पिठाचं बोट आधी पदराला पुसून. मालिकेतली सून देवघरात कोसळलेली असो की सासूच्या हाती चिठ्ठी लागलेली असो, तव्यावरची चपाती फुगायला आली की तू त्या डब्याला सांगून जायचीस आणि सांगून यायचीस.

मी वैतागून म्हटलं, "अगं, कशाला उठबस मोजतेस? कोण बघतंय हितं?"

तू लाटणं खाली ठेवलंस. तुझा राग मोठा नसायचा, पण नेमका लागायचा. "मोजाया बशिवलाय ना त्यो? मंग मोजू दे की. म्या बघत नसताना बघते म्हनून सांगू व्हय?"

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला संख्याशास्त्र शिकत होते. चोख नोंद कशी घ्यायची याचे चार पानी नियम मी पाठ केले होते आणि ते पाळणारं माणूस समोर बसलेलं असताना मला ते वेडगळ वाटत होतं.

त्या शनिवारची सकाळ मला अजून तशीच्या तशी दिसते. मॅडम-साहेब घरी आहेत. मीटरवाला आलाय, काखेत कागदांची चवड. तू ओट्याशी, मी तुझ्यामागे मेथी निवडतेय. तो चहा घेत नाही, थेट म्हणतो, "मॅडम, तुमच्याकडे काहीतरी गडबड आहे. रोज दुपारी एकला एक पाहुणा येतो. दोन मिनिटं बसतो, जातो, परत येतो. रोज बारा वेळा. मशीन तरी बिघडलंय, नाहीतर कुणीतरी खेळतंय. असंच चाललं तर मीटर काढून न्यावा लागेल."

मॅडमचा चेहरा उतरला. दुपारी घरात आपल्या दोघींशिवाय कुणी नसायचं. त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका थंड होता. "मावशी, दुपारी कोण येतं इथे? माझ्या मागे तुम्ही घरात कुणाला घेता?"

माझ्या हातातली जुडी तिथंच राहिली. मला वाटलं, गेलं. काम गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे नाव गेलं. सोसायटीत असली गोष्ट एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर जायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही, आणि पिरंगुटच्या बाजारात तिला पाय फुटतात. मी तुझ्याकडे पाहिलं. तू गॅस बारीक केलास, हात धुतलेस, पुसलेस आणि बाहेर हॉलमध्ये आलीस; जुडी घेऊन मीही मागोमाग.

"कोन न्हाई येत, मॅडम. त्यो पाव्हना म्हंजी म्याच."

साहेबांनी पेपर खाली घेतला. मीटरवाला म्हणाला, "मावशी, पण बारा वेळा?"

"बारा चपात्या करते म्या. लाटताना बघते, भाजताना न्हाई बघत. मंग भाजताना बटन चालू कसं ठिवू?"

त्याने तुझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. बोट एकेका ओळीवरून खाली नेत तो पुटपुटत मोजायला लागला. सोमवार, बारा. मंगळवार, बारा. मग त्याला काहीतरी सापडल्यासारखं तो थांबला आणि परीक्षेत पेच टाकणाऱ्या मास्तरांसारखा म्हणाला, "बुधवारी तेरा आहेत."

तू क्षणभर छताकडे पाहिलंस. "बुधवारी येक करपली."

आई, तो माणूस असा हसला! कागद मांडीवर टाकून, डोळे पुसत हसला. मग उठून उभा राहिला आणि साहेबांना म्हणाला, "साहेब, मी इतक्या घरांत जातो. असा रेकॉर्ड मी आजवर पाहिला नाही. तुमच्या घरात बरोबर बटण दाबणारं एकच माणूस आहे, आणि ते हे." आणि मग भरात येऊन त्याने बाकीचे कागदही काढले. "आता हे बघा. इथे दिसतंय, की मॅडम दर रविवारी सकाळी दोन तास कुस्त्या बघतात."

"मी?" मॅडम ओरडल्या. "रविवारी सकाळी मी भाजी आणायला जाते!"

साहेब पुन्हा पेपरात शिरले. टीव्ही लावला की सगळ्यांची बटणं एकदम दाबून मोकळं व्हायची सवय त्यांचीच होती. मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग वळून तुझ्यासमोर आल्या. "मावशी, मी भलतंच बोलले. चुकलं माझं." तू नुसती मान हलवलीस. रागावली नव्हतीस, पण 'असू दे, असू दे' असंही म्हणाली नाहीस, आणि ते मला फार आवडलं. ते शब्द त्यांना मिळायला सोमवार उजाडला.

जाताना मीटरवाल्याने रिमोट तुझ्या हातात देऊन पाहुण्याचं वय कसं भरायचं ते दाखवलं. त्याने विचारलं, "चाळीस घालू?" तू म्हणालीस, "पन्नास. कमी घालू नगा."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तुला खिडकी मिळाली होती. भूगावकडून येणारी गर्दी अंगावर रेलत होती आणि तू पदर तोंडाला लावून सारखी हसत होतीस. मध्येच मला कोपराने ढोसून म्हणालीस, "कुस्त्या बघत्यात म्हनं मॅडम!" घरी आण्णांनी विचारलं, काय झालं, तर म्हणालीस, "काय न्हाई, येक चपाती करपली." ताकीद म्हणजे ताकीद. शेजारच्या काकूंनासुद्धा तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस, आणि मालिकेच्या गप्पांत तुझ्याशी कोण पैजेला बसायचं!

पुढे मी आकडेवारीच्याच नोकरीला लागले तेव्हा कळलं, की तसला एक डबा नुसता त्या एका घरापुरता बोलत नसतो. कितीतरी घरांच्या वतीने बोलतो. म्हणजे तू चपाती उलटायला उठलीस की कागदावर अख्ख्या गावाएवढ्या बायका उठायच्या, आणि तू परत आलीस की सगळ्या परत येऊन बसायच्या. मोठमोठ्या ऑफिसांत कुणीतरी त्या खालीवर होणाऱ्या रेघेकडे बघत डोकं खाजवलं असेल. आता माझ्या हाताखाली चार मुलं-मुली काम करतात. कुणी नोंद अंदाजाने भरली की मी त्यांना बारा चपात्यांची गोष्ट सांगते. कुणाची ते मात्र सांगत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक राहिलेलं लिहून टाकते. त्या शनिवारी दारातून बाहेर पडता पडता मीटरवाला थांबला होता. त्याने तुला विचारलं, "मावशी, दुपारी तुम्ही एकट्याच बघता ना? पाहुणे दोन असतील तर दोन दाखवावे लागतात." तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले, कारण सगळी सुट्टी मी तुला हेच ऐकवत आले होते, की मी काही असलं बघत नाही, मी अभ्यास करते. तू त्याला म्हणालीस, "व्हय, येकलीच."

आई, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून मी तुझी मालिका रोज बघत होते. आणि तुला ते माहीत होतं.