बर्नीच्या पोरीचा केक

१४ मे, शनिवार
नाही म्हणाले. मी, सख्ख्या भाचीला, तोंडावर!
कोरिन माझ्या केकच्या दुकानात आली, सोबत ती जोलीन. "मावशी, आमच्या लग्नाचा केक तूच करायचा. आईचं दुखणं वाढलंय, म्हणून जूनमध्येच उरकतोय."
म्हटलं, वाढदिवसाचा सांग, दहा करते. बाईचं बाईशी लग्न मला देवासमोर मान्य नाही. लग्नाच्या प्रत्येक केकवर हात ठेवून मी प्रार्थना करते — तीस वर्षं झाली. ह्या केकवर काय म्हणू? देवाशी खोटं बोलू?
जोलीन म्हणाली, "चल, दुसरीकडे बघू." कोरिन नुसती उभी. लहानपणी पडली की उठून अशीच माझ्याकडे बघत उभी राहायची.

१५ मे
चर्चमध्ये पाद्री म्हणाले, धीराची आहेस. धीर कसला — कालपासून पोटात अन्न नाही.
बर्नीचा फोन. "लुडी, पोरीला पहिली आंघोळ तू घातलीस. तेव्हा देवाला विचारलं होतंस?"
फोन आपटला. आजारी बहिणीवर!

४ जून
बर्नी म्हणते, केक गेला खड्ड्यात, कुकीजच्या टेबलावर तरी ये. इथे यंगस्टाउनात लग्न म्हटलं की घरातली प्रत्येक बाई आपल्या हातच्या कुकीजचं ताट मांडते. भांडलेल्या जावासुद्धा! ताट नाही म्हणजे नातं नाही. मला कळत नाही का? पण लग्न तेच ना.
नाही म्हणाले.

१८ जून
लग्न आज. दुकान उघडं ठेवलं. येईल त्या गिऱ्हाइकावर खेकसले.

१९ जून
शेजारची मार्ज सांगून गेली. टेबलावर माझं ताट होतं! बर्नीनं केलं, खुर्चीत बसून. वर माझ्या नावाची चिठ्ठी.
"तुझ्या हातची चव नव्हती गं. सगळ्यांना कळलं. कुणी बोललं नाही."
मी देवाशी खोटं बोलले नाही. बर्नी बोलली, माझ्यासाठी.

१ ऑगस्ट
बर्नी गेली.

२ ऑगस्ट
कोरिनकडे गेले. विचारलं, दफनानंतरच्या जेवणाला अक्रोडाचे रोल किती करू?
"सुपरमार्केटातून मागवलेत, मावशी. म्हटलं, तुला देवापुढे अडचण नको."
टोमणा नव्हता. माझा हात हातात घेऊन म्हणाली.