दार नसलेला उंबरठा

१२ नोव्हेंबर १९९४
अबुधाबीजवळच्या बेटावर पोचलो. शारजात वीस वर्षं बिल्डिंगा उभ्या केल्या. आता बढती मिळून बुजलेल्या उकरायच्या! वाळूखाली ख्रिस्ती संन्याशांचा पुराणा मठ सापडलाय. कोठड्या, चुली, खजुराचा रस गाळायची कुंडी. दाराच्या जागी नुसता दगडी उंबरठा. सल्लागार फादर आंद्रादे वसईचे, बेनेडिक्टाइन संन्यासी; मराठी माझ्याहून शुद्ध. म्हणाले, प्रार्थना आणि काम, एवढंच या लोकांचं आयुष्य. आमच्या मालकाला यातलं निम्मंच पटेल. फादर दुपारी अबुधाबीला गेले. संध्याकाळी निघताना सवयीनं उंबरठ्याला म्हटलं, येतो हं. घरात ‘जातो’ म्हटलं की आई थोबाडीत द्यायची. जातो म्हणणारा परतत नाही.

१३ नोव्हेंबर
आज ‘येतो’ म्हटल्यावर थोबाडीत बसली. सणसणीत. आसपास कोणी नाही. लाँचवाला मोहिद्दीन म्हणाला, हवा है साब. हवेला पाच बोटं असतात, गालावर उमटलीत.

१४ नोव्हेंबर
उंबरठ्याच्या कडेला हात टेकून ‘येतो’ म्हटलं, आणि बोटं चेंगरली. दारात. जे नाहीच, त्या दारात. दोन नखं गेली. नीलिमाला फोनवर सांगितलं, दगड पडला. बायकोच ती. विचारते, दगडाला फार लागलं का?

१५ नोव्हेंबर
पोटात लाथ. मग बरगडीवर. रक्त थुंकलो. तरी उठताना तोंडातून तेच निघालं. चाळिशी उलटल्यावर सवय मोडत नाही, बरगडी मोडते.

१६ नोव्हेंबर
फादर परतले. ऐकून पांढरेफटक. त्यांच्या मठाचा जुना नियम — दाराशी आलेल्या नव्या माणसाला सहज घ्यायचं नाही. हिडीसफिडीस करायची. ती सोसूनही चार-पाच दिवस येतच राहिला, तर घ्यायचं. कायमचं. आमच्यात मारत नाहीत हो, म्हणाले. इथले मारतात. उद्याच्या लाँचनं निघा, आणि उंबरठ्याला स्पष्ट सांगा, जातो.

१७ नोव्हेंबर
सकाळपासून घोकतोय. जातो. जातो. जमतंय.
उंबरठ्याशी आलो तर फादर आडवे — मला वाचवायला मध्ये उभे राहिले असणार — जबडा जागेवर नाही. डोळे उघडे. आत पावलं. पुष्कळ. पाय हलत नाहीत, लिहिणारी बोटं तेवढी चालतायत —
सांगतो. आत्ता सांगतो. जा —
मोहिद्दीन लाँचवरून ओरडला, यल्ला साब, जल्दी चलो!
मी ओरडलो, येतो —
बिजागरी करकरली.
नाही हो, मी लाँचला म्हटलं, तुम्हाला नाही, लाँचला —
आत या म्हणतायत. मराठी माझ्याहून शु