तलावाची ट्यूब

मंगळवार, सांज

मोबाइलवर सांगून राहिले, बंगालच्या समुद्रात तुफान येणार, मच्छीमारांनी जाऊ नये. आमचे हे तं परवाच विशाखापट्टणमहून मोठ्या बोटीवर गेले. फोन लागतच नाही. गावच्या तलावात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा मानूस, त्याले समुद्राचं काय समजते? मी म्हनली होती, ट्यूब घेऊन जा. तं हासले, "पगली, तिकडं कायले लागते?"

रोज सकाळी मीच हवा भरून देत होती. आज सांजेलेच पंप घेऊन बसली. पोरगी नळी धरून होती.

सासू म्हनली, "आता कायले भरून राहिली व? तलावावर कोन चाललं?"

ट्यूब टनक झाली, तरी हात थांबेना.

मंग सासू जवळ बसली. "सरक," म्हनली, "पंप मले दे."